इरावती कर्वे यांचा बर्लिन येथील प्रबंध आणि मराठी समीक्षा

नाझी राजवट आणि युद्धकालीन युरोप यांविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याचा बराच मोठा भाग हिटलर या एका व्यक्तीभोवती फिरत राहिला आहे. वि. ग. कानिटकर यांचा 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हा ग्रंथ या प्रकारातील सर्वांत वाचला गेलेला होय. आणि त्याच्या शीर्षकातील भस्मासुर हे रूपक मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले आहे. रूपक समर्पक आहे, पण त्याची एक मर्यादा आहे. भस्मासुराला वर देणारा कोणी तरी असावा लागतो, आणि त्या वरदात्यांची चौकशी मराठीत क्वचितच झाली. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेल्या घटनाही अशाच बाजूला राहिल्या. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. इटलीच्या रणांगणावर १९४४ साली यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ साली नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या घटनांची आठवण स्थानिक स्मारकांनी ठेवली, वाङ्मयाने फारशी ठेवली नाही.

परंतु वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने याहून अधिक आश्चर्याची उपेक्षा एका प्रबंधाची झाली आहे. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' आणि 'युगान्त' या पुस्तकांच्या लेखिकेने बर्लिन येथे जर्मन भाषेत लिहिलेला, १९३१ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध हा तिच्या चरित्रातील एक पदवी म्हणून नोंदला जातो. तिच्या लेखनाचा भाग म्हणून त्याचा विचार होत नाही. 'डॉ. इरावती कर्वे' यांतील 'डॉ.' ही अक्षरे कशासाठी मिळाली, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा विचारलेलाच नाही.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. इरावती करमरकर यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. झाल्यावर त्या जर्मनीस गेल्या. पती दिनकर धोंडो कर्वे यांचा त्यास पूर्ण पाठिंबा होता. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले ते सासरे धोंडो केशव कर्वे मात्र या प्रवासास अनुकूल नव्हते. महर्षींच्या चरित्रकारांनी या विसंगतीकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हरकत नव्हती.

बर्लिनच्या डालेम या उपनगरात १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी कैसर विल्हेल्म संस्थेची एक शाखा स्थापन झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर यांची कीर्ती जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथील संमिश्र वंशाच्या कुटुंबांवरील १९१३ सालच्या ग्रंथामुळे झाली होती. बाउर आणि लेन्झ यांच्यासह त्यांनी लिहिलेले आनुवंशिकतेवरील पाठ्यपुस्तक १९२१ पासून जर्मन विद्यापीठांत प्रमाणभूत मानले जात होते. म्हणजे नाझी पक्षाला सत्ता मिळण्यापूर्वीच वंशश्रेष्ठतेची कल्पना सभ्य, विद्वन्मान्य आणि सरकारी अनुदानास पात्र झालेली होती. वर सांगितलेल्या रूपकातील वरदाते ते हेच. पुढे १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइन प्रदेशातील आफ्रिकी वंशाच्या सैनिकांच्या शेकडो मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, तेव्हा त्यासाठी लागणारे 'तज्ज्ञांचे' अभिप्राय याच संस्थेतून गेले. १९४२ साली फिशर निवृत्त झाले आणि फर्शुअर त्यांच्या जागी आले. फर्शुअर यांचा पूर्वीचा साहाय्यक योझेफ मेंगेले हा आउशविट्झच्या छळछावणीतून रक्ताचे नमुने आणि मृतांचे डोळे याच इमारतीकडे पाठवीत असे.

या संस्थेत इरावतीबाईंना मिळालेला विषय होता मानवी कवटीची असमता. कवटीच्या मध्यरेषेपासून उजवी व डावी बाजू मोजली असता दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या भरत नाहीत. फिशर यांची अपेक्षा अशी होती की, ही असमता युरोपीय गोऱ्या माणसांत विशेषत्वाने आढळावी. मेंदूच्या पुढील भागाची एका बाजूस अधिक वाढ झाल्याचे ते चिन्ह ठरावे, आणि त्यावरून त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ असल्याचे अनुमान काढता यावे. अभ्यासासाठी १४९ कवट्या होत्या. मोजणीचा निष्कर्ष या अपेक्षेच्या उलट आला. असमता आणि वंश यांचा कोणताही संबंध दिसून आला नाही.

प्रबंधाचे शीर्षक मराठीत आणावयाचे तर 'मानवी कवटीची स्वाभाविक असमता' असे होईल. या शीर्षकातील 'स्वाभाविक' हे विशेषण समीक्षकाने थांबून पाहण्यासारखे आहे. एका समूहाचे भूषण म्हणून जी खूण शोधावयाची होती, तिला हे विशेषण लावताच ती सर्व मनुष्यजातीची सामान्य अवस्था ठरते. कवटीचे वाकडेपण हा नियम, आणि तो गोऱ्यांना, काळ्यांना सारखाच लागू. 'मानवी' हे दुसरे विशेषणही तसेच. त्यात युरोपीय आणि अयुरोपीय अशी विभागणी नाही. प्रबंधाचे खंडन आवेशाचे नाही. ज्या मापांच्या साहाय्याने सिद्धान्त उभा करावयाचा होता, त्याच मापांनी तो पडतो. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी देणे-न देणे आहे अशा मार्गदर्शकासमोर एका पंचविशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनीने हे लिहिले. चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे फिशर यांनी तिला पदवी दिली, परंतु श्रेणी सर्वांत खालची दिली.

ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या 'इरू' या इंग्रजी चरित्रामुळे ही हकिकत बऱ्याच वाचकांपर्यंत पोचली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यानंतर तिच्याभोवती एक आख्यायिका जमू लागली आहे. इरावतीबाई 'नाझींना आव्हान देणाऱ्या' ठरू पाहत आहेत. कालक्रम पाहता हे विधान टिकत नाही. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला राइशस्टागमध्ये अवघ्या १२ जागा होत्या. त्या १०७ झाल्या सप्टेंबर १९३० मध्ये, आणि हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी. इरावतीबाईंनी ज्याला नकार दिला, ते एका विद्यापीठाचे प्रतिष्ठित मत होते. पक्षाचे फर्मान नव्हे. वीरगाथेपेक्षा ही गोष्ट अधिक विचार करण्यास लावणारी आहे. फर्मानाविरुद्ध उभे राहणाऱ्याला निदान आपण कोणाविरुद्ध उभे आहोत हे ठाऊक असते. आपल्याच गुरूच्या, आपल्याच शास्त्राच्या चौकटीत राहून 'माप जुळत नाही' असे म्हणणाऱ्याजवळ तेवढाही आधार नसतो.

आख्यायिकेस दुसराही एक अडसर आहे. बर्लिनहून परतल्यावर इरावतीबाईंनी कवटी मोजण्याचे साधन खाली ठेवले नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम करीत असता त्यांनी महाराष्ट्रातील अनेक समूहांची शारीरिक मापे घेतली. मराठ्यांच्या मापांवरील पुस्तिका १९४८ ची, आणि वि. म. दांडेकर यांच्यासह सिद्ध केलेला महाराष्ट्राच्या मापनाचा ग्रंथ १९५१ चा. म्हणजे डालेमची संस्था उद्ध्वस्त झाल्यावर आणि तेथील कृत्ये जगासमोर आल्यावरही ते काम चालू होते. बार्बोसा यांनी आपल्या संशोधनात याच सातत्यावर बोट ठेवले आहे. वसाहतवादी जर्मन शास्त्राची पद्धत महाराष्ट्रात रुजली, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकता येण्याजोगा नाही.

मात्र पद्धत तीच असली तरी तिला विचारलेला प्रश्न कोणता, हे पाहणे आवश्यक आहे. हर्बर्ट रिस्ली यांनी १९०१ च्या जनगणनेच्या सुमारास नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता वाचण्याचा प्रयत्न केला होता. इरावतीबाईंच्या मापांनी निघणारा निष्कर्ष वेगळा होता. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण परस्परांत बेटीव्यवहार नसलेल्या गटांत शारीरिक साम्य असेलच असे नाही. देशस्थ आणि चित्पावन हे दोन्ही ब्राह्मण, म्हणून ते एका मूळ समूहाचे फाटे आहेत असे मापांवरून म्हणता येत नाही. वर्ण किंवा जातिनाम हे रक्ताचे नाव नसून सामाजिक स्थानाचे नाव आहे. खरा घटक आहे तो आपसांत सोयरीक करणारा लहान गट. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावच्या विद्यार्थ्याला हे समजावून घेण्यास ग्रंथाची फारशी गरज पडू नये. 'कुणबी' या एका शब्दाखाली वऱ्हाडात तिरळे, घाटोळे असे भेद आहेत, आणि कोकणातील कुणब्याशी नाव एक असूनही सोयरीक परंपरेने नाही, हे सोयरीक जुळवताना कोणासही कळते. जातींचे मूळ एक मानून त्या फुटत गेल्या असे समजणाऱ्या घुर्ये यांच्याशी इरावतीबाईंचा मतभेद झाला तो येथेच. बर्लिनमध्ये एका गुरूला जे उत्तर मिळाले, त्याच जातीचे उत्तर मुंबईच्या गुरूलाही मिळाले, असे म्हणण्यास जागा आहे.

असे असले तरी माप घेणारा आणि माप देणारा यांच्यातील अंतर या ग्रंथांत कमी होत नाही. ते कमी झाले ललित लेखनात. पंढरीच्या वारीवरील 'वाटचाल' या लेखात तीच शास्त्रज्ञ दिंडीबरोबर चालते, आणि एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या लोकांची जेवणाची पंगत जातीनुसार वेगळी बसते हे पाहून अस्वस्थ होते. हे निरीक्षण कोणत्याही कोष्टकात बसणारे नव्हते. ज्या समीक्षकांनी इरावतीबाईंचे शास्त्र आणि साहित्य असे दोन कप्पे केले, त्यांच्या हातून हा धागा निसटला.

हाच धागा 'युगान्त'मधील 'मयसभा' या लेखापर्यंत जातो. 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर त्यावर झालेली बहुतेक चर्चा द्रौपदी, कुंती, कर्ण या व्यक्तिरेखांची आहे. 'मयसभा' त्या मानाने दुर्लक्षित राहिला, आणि तो या पुस्तकातील सर्वांत निर्भय लेख आहे. खांडववनाच्या दाहात परंपरेने अग्नीची तृप्ती पाहिली. इरावतीबाईंनी त्यात जमिनीसाठी केलेला संहार पाहिला. वन पेटवून दिलेले. कृष्ण आणि अर्जुन त्याच्या भोवती फिरत असलेले. बाहेर पडू पाहणारा प्रत्येक जीव मारला जात असलेला. आणि हे ज्यांनी केले ते महाकाव्याचे सर्वांत लाडके पुरुष. येथे युद्धाचे आव्हान नाही, तुल्यबल शत्रू नाही, क्षात्रधर्माची कोणतीही अट पाळलेली नाही. वाचलेले मोजके जीव, आणि त्यांच्यापैकीच एकाने, मयाने, बांधलेली ती अद्भुत सभा. त्या सभेचे वैभव राखेवर उभे आहे, हे लेखिका वाचकाला विसरू देत नाही. नागांचे वैर तक्षक, परीक्षित आणि जनमेजयाचे सत्र असे पिढ्यान्पिढ्या कसे चालत राहते, हेही ती दाखविते.

हा लेख लिहिणारी व्यक्ती ज्या संस्थेत शिकली, तिने पुढे एका समूहाच्या समूळ नाशाला शास्त्राची भाषा पुरविली होती, हे लक्षात घेतल्यावर 'मयसभा'चे वाचन बदलते. लेखाला नाझी काळाचे रूपक ठरविणे अर्थातच चुकीचे होईल. तो महाभारताचाच लेख आहे. पण पूज्य पुरुषांच्या कृतीला त्यांच्या पूज्यतेमुळे सूट न देण्याची जी वृत्ती त्यात आहे, तिची पहिली परीक्षा डालेममध्ये झाली होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते. फिशर आणि कृष्ण ही तुलना विचित्र वाटेल. तुलना त्या दोघांची नाही, त्यांच्यासमोर बसलेल्या वाचिकेची आहे.

येथेच प्रबंधाची मोठी उणीवही दिसते. खांडववनातील निनावी मृतांविषयी जो प्रश्न १९६७ साली विचारला गेला, तो टेबलावरील कवट्यांविषयी विचारला गेला नव्हता. बर्लिनमधील संग्रहांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोठ्या प्रमाणावर होत्या. नैर्ऋत्य आफ्रिकेत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो व नामा लोकांचा जो संहार झाला, त्यांतील मृतांची मस्तकेही संशोधनासाठी जर्मनीस पाठविण्यात आली होती. त्यांपैकी काही बर्लिनहून २०११ साली नामिबियास परत करण्यात आली. कवटी हे माप घेण्याचे साहित्य. ती कोणाची, कोणत्या मार्गाने आली, हा शास्त्राचा प्रश्नच नव्हे, अशी त्या काळच्या शास्त्राची समजूत होती. वंशश्रेष्ठतेचा सिद्धान्त नाकारणाऱ्या प्रबंधानेही या समजुतीला धक्का लावला नाही.

डालेममधील ती इमारत आजही उभी असून ती फ्री युनिव्हर्सिटीच्या ताब्यात आहे. २०१४ साली तिच्या जवळच खोदकाम चालू असता मानवी अस्थी सापडल्या. पुढील उत्खननांत त्यांचे हजारो तुकडे निघाले. त्या कोणाच्या, याचा छडा लावण्यासाठी पुढील तपासण्या करता आल्या असत्या. परंतु ज्यांचे पूर्वज या संस्थेचे बळी ठरले असावेत अशा समूहांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय होऊन असे ठरले की, वंशानुसार वाटणी करणारी कोणतीही तपासणी आता या अस्थींवर करावयाची नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात डालेमच्याच दफनभूमीत त्या सर्व एकत्र पुरण्यात आल्या.