‘छान’ला पुरावा काय?

मागच्या महिन्यात दहावीतल्या मामेबहिणीनं सराव परीक्षेच्या पेपरचा फोटो पाठवला. नारायण सुर्वे यांच्या ‘दोन दिवस’ या कवितेचं रसग्रहण, चारपैकी दोन गुण. खाली मेसेज : “ताई, ‘छान’ म्हणजे नेहमी छानच असतं का गं?”

कवितेच्या शेवटी आयुष्याची तुलना भट्टीतल्या पोलादाशी केली आहे आणि तिथे ‘छान’ हा शब्द येतो. तिनं लिहिलं होतं, की हा उपरोध आहे. तपासणाऱ्यांनी त्याखाली लाल रेघ मारून ‘कवी आशावादी आहे’ असा शेरा दिला होता.

माझी पीएचडी रसायनशास्त्रातली. कवितेत मी पडायचं कारण नव्हतं. पण हे भांडण मला ओळखीचं वाटलं, कारण आमच्या लॅबमध्ये ते रोज होतं. एक जण दावा करतो, दुसरा उलट दावा करतो आणि पुरावा कुणीच पुढे ठेवत नाही.

स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात युक्तिवादाचे सुटे भाग दाखवले. दावा, त्याचा आधार आणि त्या दोघांना जोडणारा दुवा हे त्यातले मुख्य. आमच्याकडचं उदाहरण घ्या. ‘नमुना शुद्ध आहे’ हा दावा. ‘मेल्टिंग पॉइंट अपेक्षित जागी, नेमका आला’ हा आधार. आणि ‘अशुद्धी असेल तर तो सहसा खाली येतो आणि पसरतो’ हा दुवा. टूलमिन आणखी एक गोष्ट मागतात : दावा कुठे कोसळू शकतो, तेही सांगा.

आता हेच कवितेला लावून बघा. उपरोधाच्या बाजूनं काय आहे? भाकरीच्या शोधात आयुष्य वाया गेलं, असं याच कवितेत आधी आलंय. हात गरिबीकडे गहाण पडलेत. एवढं झाल्यावर ‘छान’ म्हणणं सरळ कसं असेल? हा आधारही झाला आणि दुवाही. उलट बाजू : भट्टीत पोलाद जळून जात नाही, त्यावर संस्कार होतात, ते घडतं. शिवाय त्याच कवितेत अश्रू मित्रासारखे मदतीला येतात. म्हणजे अभिमानाचा अर्थही कवितेतूनच निघतो. दोन्ही वाचनं टिकतात. बहिणीचं चुकलं ते एवढंच, की ‘उपरोध’ म्हणून ती पुढच्या मुद्द्यावर गेली. पण लाल शेऱ्यानंही नेमकं तेच केलं होतं!

आपल्या दहावीच्या रसग्रहणाचा साचा वाईट नाही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुलाला कवितेकडे तीनदा बघायला लावतात. शेकडो पेपर तपासणाऱ्याला काही समान माप लागतं, हेही मान्य. अडचण येते ती त्या चौकटीत काय भरलं जातं तिथे. बाजारातल्या गाईडमधलं ‘साध्या, सोप्या भाषेतून कवी थेट हृदयाला भिडतो’ हे वाक्य उचला आणि आसावरी काकडे यांच्या ‘खोद आणखी थोडेसे’ या कवितेखाली ठेवा. तिथेही चपखल बसतं. जे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून कविता द्यायचे आणि त्यांच्याकडून मतं लिहून घ्यायचे. १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये त्या मतांची त्यांनी चिरफाड केली. चांगली वाचणारी मुलंही ठरीव प्रतिक्रियांवर घसरली होती. आमच्या भाषेत ही ब्लाइंड टेस्ट. आपल्याकडे मात्र ‘कामगारांचे कवी’ हे लेबल आधी पाठ होतं, कविता नंतर.

हाच रोग वैचारिक निबंधात दिसतो. ‘मोबाईल : शाप की वरदान’ घ्या. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, शेवटी ‘अति तिथे माती’. वाचणाऱ्याचं मत तसूभर हलत नाही, कारण लिहिणाऱ्यानं बाजूच घेतलेली नसते. पटवून देणारं लेखन म्हणजे एक बाजू घेणं आणि विरोधकाचं सगळ्यात तगडं कारण स्वतः मांडून त्याला उत्तर देणं. म्हणून मला वाटतं, की रसग्रहण आणि वैचारिक निबंध हे दोन वेगळे प्रश्न म्हणून शिकवणंच चूक आहे. कौशल्य एकच आहे. एकात पुरावा कवितेतून आणायचा, दुसऱ्यात जगातून.

तुमच्या घरी दहावीचं कुणी असेल तर एवढंच करून बघा. उत्तरातल्या प्रत्येक वाक्याला विचारा : ‘कशावरून?’ आणि ‘हे दुसऱ्या कवितेला चालेल का?’ पहिल्याला उत्तर नसेल किंवा दुसऱ्याला ‘हो’ असेल, तर ते वाक्य खोडा.

बहिणीनं उत्तर पुन्हा लिहिलं. उपरोधाचा दावा तिनं सोडला नाही. पण पोलादाचा मुद्दा स्वतःच मांडला आणि तो आपल्याला का पुरेसा वाटत नाही, हे दोन ओळींत सांगितलं. मला अजूनही अभिमानाचं वाचन जास्त पटतं. गुण काही वाढले नाहीत. बोर्डाच्या पेपरात काय लिहू, असं तिनं विचारलं तेव्हा ‘तुझंच लिही’ असं मी म्हटलं खरं, पण म्हणताना जरा चाचरले. मुलीला असं चाचरत सांगावं लागतं, हीच माझी तक्रार आहे.