तुंबाडचा पाऊस कुठल्या भाषेत पडतो?

मंडळी, बाहेर धुकं आहे, खाली खंडाळ्याच्या घाटात गाड्या अडकल्यात आणि आपण भयपटावर बोलायला बसलोय. वेळ बरी साधलीय.

सुरुवात जरा लांबून करू. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सिट्जेस नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. मोठ्या शहरातली माणसं शनिवार-रविवार तिथं हवा खायला जातात. म्हणजे त्यांचं लोणावळाच, फक्त चिक्की नाही. १९६८पासून तिथं भयपट आणि अद्भुतपटांचा महोत्सव भरतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८मध्ये तिथं पोचला. त्याआधी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्यानं झाली होती, अमेरिकेत ऑस्टिनच्या फँटॅस्टिक फेस्टलाही तो गेला होता.

ही वाट सोपी नव्हती. बीज नारायण धारपांच्या कथेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. २०१२मध्ये चित्रीकरण सुरू झालं, मग अडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं. खरा पाऊस हवा म्हणून अनेक पावसाळे खर्ची घातले. आपल्याला मावळात हे सांगावं लागत नाही. चार महिने भिंतीला ओल, कपडे वाळत नाहीत, समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. ‘तुंबाड’मध्ये पाऊस हा देवांचा शाप आहे, आणि तो पडद्यावर खरा वाटतो कारण त्यात ओल आहे. हस्तरपेक्षा त्या वाड्याच्या शेवाळाची भीती आम्हांला जास्त वाटली.

आता आमची तक्रार. हा विनायक पुण्यात राहतो, कोकणात जातो, वाडा आपला, लोभ आपला, पुरणपोळीसुद्धा आपली. आणि बोलतो हिंदी! व्हेनिसच्या प्रेक्षकाला हिंदी काय, मराठी काय, दोन्ही सारखंच. तो खालची अक्षरं वाचणार. म्हणजे मराठीचा तोटा जिथं अजिबात होत नव्हता, ती जागा हीच होती. हिंदी लागली ती इथल्या तिकीटबारीसाठी, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये त्या तिकीटबारीनं फार काही दिलं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये चित्रपट पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. मधल्या सहा वर्षांत त्याची कीर्ती तोंडोतोंडी वाढत गेली होती.

कुणी म्हणेल, मराठीत केला असता तर एवढा पैसा उभा राहिला असता का? बहुधा नसता. हा प्रश्न आम्ही झटकत नाही. पण दुसरं उदाहरण बघा. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ मराठीत आला, २०१७मध्ये. मोठा वाडा नाही, सोनं नाही. ऊस, एक घर, एक गरोदर बाई आणि पोरी मारण्याचा जुना गुन्हा. कमी खर्चात केवढी धास्ती! उसाच्या सऱ्यांतून वाट न सापडणं, आपल्याकडे ज्याला चकवा म्हणतात, ते त्या चित्रपटाला अचूक कळलंय. उषा नाईकांची तुळसाबाई मायेनं बोलते म्हणूनच अंगावर काटा येतो. ती माया ग्रामीण मराठीच्या हेलात आहे. पुढे त्याच दिग्दर्शकानं २०२१मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. तंत्र सफाईदार झालं, प्रेक्षक कैक पटींनी वाढला. पण तो हेल गेला.

महोत्सवात निवड झाली की आपल्याकडे लगेच शाल-श्रीफळ निघतं. निवडीनंतर दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट कुठल्या भाषेत निघाला, हे मात्र कुणी विचारत नाही. लोणावळ्या-खंडाळ्याचे बंगले इतकी वर्षं हिंदी भुतांना भाड्यानं दिले आपण. मावळातला मुंजा, वेशीवरचा वेताळ मराठीत पडद्यावर यायला हवेत.

बरं, दिवे जायच्या आत ‘लपाछपी’तला उसातला प्रसंग लावू या. मागच्यांना आवाज पोचतोय ना?