दगडाचे दगडपण: श्क्लोव्हस्कीचा सिद्धान्त आणि जात्यावरची ओवी

व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन रूपवादी समीक्षकाने १९१७ साली अपरिचितीकरणाची संकल्पना मांडली. सवयीने वस्तू दिसेनाशा होतात. कला रूप अवघड करून, ग्रहणक्रिया लांबवून त्यांचे वस्तुपण परत मिळवते. दगडाला दगडपण देण्याचे त्याचे उदाहरण सुपरिचित आहे. जात्यावरच्या ओवीसमोर हा सिद्धान्त ठेवला की त्यातील 'अवघडपणा' या शब्दालाच वजन येते. कारण येथे दगड रूपकात नाही, हाताखाली आहे.

जाते घर्षणावर चालते. दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ नीट पडत नाही. म्हणून जात्याला वेळोवेळी टाकी लावून घ्यावी लागते. (रूढ झालेले काव्यतंत्र पुन्हा खडबडीत करण्याची रूपवाद्यांना वाटलेली निकड याहून फार निराळी नाही.) ओवीचा घाटही याच क्रियेतून आलेला. खुंटा ओढताना श्वास अडतो, वैरण घालताना हात थांबतो, चरण पुन्हा म्हटला जातो, समोर बसलेली जोडीदारीण तो उचलते. 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. श्रमाशी असलेले हे नाते इतके जुने. छापील पानावर मात्र हे सारे अडखळणे गळून जाते आणि सुबक ओळी तेवढ्या उरतात. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात ध्वनिमुद्रणेही असल्याने ही हानी निदान अंशतः तपासता येते.

येथवर तुलना जुळते. श्क्लोव्हस्कीचा अवघडपणा मात्र वाचक स्वेच्छेने पत्करतो. दळणारणीचा अवघडपणा पहाटे उठणाऱ्या देहावर लादलेला असतो. ओव्यांत सासुरवास आहे, थकवा आहे, माहेरची ओढ आहे. जात्याला देव मानून त्याच्यापाशी गुज सांगणे आहे, तसा त्याचा जाचही आहे. काचेच्या गुळगुळीत पडद्यांना विटलेला आजचा डिझाइनविचार घर्षणाचा आणि स्पर्शाचा गौरव करतो, तेव्हा ते कोणाच्या मनगटावर पडते हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा बाईची सुटका झाली. हळहळ बहुतांशी संग्राहकांची.

लग्नघरी हळद दळताना जात्याची पूजा होते, ओव्याही म्हटल्या जातात. दळण थोडेच असते, आणि दगड ओढणाऱ्या बायका हौसेने बसलेल्या असतात. श्क्लोव्हस्कीची उपपत्ती पहाटेच्या ओवीपेक्षा या ओवीला अधिक लागू पडते.