प्रौढांचे तास आणि बालकांचा कणा : एका नियमावलीची समीक्षा

रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णास एपिड्यूरल द्यावे काय, याविषयी अमेरिकेतील प्रादेशिक बधिरीकरण-संस्थेने केलेल्या नियमांची १९९८ च्या परिषदेपासून २०२५ पर्यंत पाच संस्करणे झाली. त्यांचा उगम एका आपत्तीत आहे. १९९३ मध्ये एनॉक्सापॅरिन तेथे प्रचारात आले. पुढे कण्यातील रक्तस्रावाने रुग्ण लुळे पडल्याच्या नोंदी वाढल्या व १९९७ मध्ये शासनास इशारा द्यावा लागला.

नियमांचे सार असे : अल्प प्रतिबंधक मात्रेनंतर १२ तास व मोठ्या मात्रेनंतर २४ तास गेल्याखेरीज सुई टोचू नये, नळी काढणे हेही टोचण्याइतकेच धोक्याचे मानावे. हा दुसरा मुद्दा नियमावलीचे खरे बळ होय.

तथापि हे तास मुख्यतः प्रौढांच्या अनुभवातून आले आहेत. दोन महिन्यांखालील अर्भक हे औषध वेगाने बाहेर टाकते. म्हणून उपचारासाठी त्यास दर किलोस १.५ मिलिग्रॅम लागते, तर मोठ्या बालकास १ मिलिग्रॅम पुरते. उलट मूत्रपिंड दुर्बल असल्यास औषध रेंगाळते. तेव्हा केवळ घड्याळावर विसंबणे पुरेसे नाही. शक्य तेथे अँटी-टेन-ए चाचणीने रक्तातील पातळी पाहणे श्रेयस्कर.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पाय जड झाल्याचे प्रौढ रुग्ण स्वतः सांगतो. बालकास मात्र एपिड्यूरल बहुधा पूर्ण भूल देऊनच बसवितात, आणि तान्हे मूल तक्रार सांगू शकत नाही. १९९४ मधील ६१ रुग्णांच्या आढाव्यात आठ तासांच्या आत शस्त्रक्रियेने दाब मोकळा केलेल्यांत सुधारणा अधिक आढळली. लक्षण उशिरा कळले, तर हा अवधी हातचा निसटतो.

तळेगाव दाभाडे येथील मायमर महाविद्यालयासारख्या ग्रामीण भागातील अध्यापन-संस्थांनी म्हणूनच नियमांचे पाठांतर न करता त्यांस पुरवणी जोडावी : पाय हलते राहतील इतके सौम्य ब्युपिव्हकेन, ठरावीक वेळाने पायांच्या हालचालीची लेखी नोंद, नळी केव्हा व कोणी काढावी याचा स्पष्ट निर्देश, आणि संशय येताच मुलास कोठे न्यावयाचे याचा आधीच झालेला निर्णय. एवढी सिद्धता नसेल तेथे एपिड्यूरलचा मोह टाळून अन्य वेदनाशामक मार्ग पत्करावा. मात्र भीतीपोटी मुलास वेदनेत ठेवणे हेही शास्त्राला शोभणारे नव्हे.