‘ऑफिस स्पेस’ : नोकरकपातीचे उपहासात्म चित्रण

माइक जज लिखित-दिग्दर्शित ‘ऑफिस स्पेस’ (१९९९) हा अमेरिकन चित्रपट विनोदी म्हणून ओळखला जात असला, तरी नोकरकपातीमागील सत्तासंबंधांचे त्यातील दर्शन गंभीर विचारास पात्र आहे.

इनिटेक या काल्पनिक सॉफ्टवेअर कंपनीत सन २००० च्या संक्रमणासाठी बँकांच्या आज्ञावली दुरुस्त केल्या जात असतात. कर्मचारी कमी करण्यासाठी तेथे दोन सल्लागार येतात. आपण फारसे काम करीत नाही, हे निःसंकोचपणे सांगणारा पीटर बढतीस पात्र ठरतो. समीर व मायकल हे कुशल प्रोग्रॅमर मात्र काढले जातात. ग्राहकांच्या गरजा अभियंत्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या टॉमला स्वतःच्या कामाचे महत्त्व पटवून देता येत नाही. थोडक्यात, येथे परीक्षा कामाची नसून निर्भयपणे बोलण्याची आहे.

सर्वांत भेदक चित्रण मिल्टनचे आहे. त्याला पूर्वीच कमी केलेले असते. परंतु ते त्याला कोणी सांगितलेले नसते आणि वेतनयंत्रणेतील चुकीमुळे पगार सुरूच राहतो. सल्लागार ती चूक दुरुस्त करतात. माणसाशी मात्र बोलत नाहीत.

चित्रपटाची मर्यादा त्याच्या शेवटात दिसते. कार्यालय आगीत भस्मसात होते, पीटर बांधकामावर काम पत्करतो, तर समीर व मायकल तशाच दुसऱ्या कंपनीत रुजू होतात. व्यवस्था अबाधित राहते. कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन जाब विचारावा, ही शक्यता या उपहासालाही सुचत नाही.