काटकसर कुठे केली

स्वस्त वस्तूत काटकसर नेमकी कुठे केली आहे हे पाहिलं की घडवणाऱ्याची अक्कल कळते. या कसोटीला माझ्या मते ‘रूगर स्टँडर्ड’ इतकं उतरणारं दुसरं पिस्तूल नाही. बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी पन्नास हजार डॉलरच्या भांडवलावर अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या साउथपोर्टला कारखाना काढला आणि १९४९ साली हे .२२ बोअरचं पिस्तूल ३७.५० डॉलरला विकायला आणलं. याच बोअरचं कोल्टचं वुड्समन तेव्हा बरंच महाग होतं.

पैसा वाचवला तो मुठीत. पोलादाच्या ठोकळ्यातून तासन्‌तास कोरून फ्रेम काढण्याऐवजी रूगरने पत्र्याचे दोन अर्धे साच्यात दाबले आणि कडेला कडा लावून वेल्ड केले. वरचा भाग म्हणजे सरळ पोलादी नळकांडं, आणि त्यात मागेपुढे सरकणारा गोल बोल्ट. ही कल्पना जपानी नंबू पिस्तुलाची. युद्धावरून परतलेल्या एका मरीन सैनिकाकडून रूगरने ते मिळवलं होतं आणि आपल्या गॅरेजमध्ये त्याच्या दोन नकला करून पाहिल्या होत्या.

खरी खुबी पुढेच आहे. बंदुकीची नळी त्या नळकांड्यात घट्ट बसवलेली, आणि नेम धरायच्या दोन्ही साइट याच न हलणाऱ्या जोडावर. वुड्समनची मागची साइट स्लाइडवर असते. प्रत्येक बाराला ती मागे जाते आणि परत येते. रूगरमध्ये हलतो तो फक्त आतला बोल्ट. म्हणजे अचूकपणा कारागिराच्या हातावर सोडलेलाच नाही, तो रचनेतच आहे. जिथे पैसा घालायला हवा तिथे रूगरने हात आखडला नाही.

मग घरी सुधारायला उरतं काय? चाप. कारखान्यातून आलेला चाप ओढताना आधी थोडी खरखर जाणवते, मग तो मध्येच अडल्यासारखा होतो, आणि हॅमर सुटल्यावरही मागे धावतो. त्या धावेत नेम हलतो. भिंगाखाली हॅमरची आणि त्याला अडवून धरणाऱ्या सिअरची बाजू पाहिली तर यंत्राच्या हत्याराचे समांतर ओरखडे स्पष्ट दिसतात. बारीक दाण्याचा दगड, दोन थेंब तेल आणि सपाट, हलका हात एवढ्यावर ते ओरखडे मिटतात आणि खरखर जाते. पण हॅमरची खाच आणि तिच्यात अडकणारी सिअरची धार यांना हात लावायचा नाही. तिथला कडक केलेला थर पातळ असतो. तो घासला गेला किंवा कोन गोल झाला तर हॅमर नको तेव्हा पडू शकतो. बाजू घासून थांबणारा आणि सिअर नीट घडवलेला विकत आणणारा माणूस मला जास्त जाणकार वाटतो. फाजील धाव रोखायला स्क्रू असलेला चापही विकत मिळतो. (आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय दुरुस्तीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे हा छंद अमेरिकेतल्या गॅरेजांचाच.)

या पिस्तुलाची एक खोड मात्र मान्य करायला हवी. खोलणं सोपं, जोडणं वैतागाचं. हॅमरची दांडी मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगच्या वाटीत अचूक बसली नाही तर काहीच हलत नाही, आणि ती बसवायला पिस्तूल कधी वर, कधी खाली झुकवत राहावं लागतं. एका बटणाने उघडणारं त्याचं पुढचं रूप, मार्क फोर, यायला २०१६ उजाडलं.

इतकं घरकाम मालकावर सोडण्यापेक्षा कारखान्यानेच का केलं नाही, असं कुणी विचारेल. पण हाताने घासायचे तास मोजले असते तर ३७.५० डॉलर ही किंमत उरलीच नसती. आणि मूळ रचनेत खोट नव्हती, हे कंपनीने स्वतःच दाखवून दिलं. १९५१ साली लांब नळी आणि सरकवता येणारी मागची साइट बसवून तिने मार्क वन हे नेमबाजीचं पिस्तूल काढलं, तेव्हा खाली मूठ ठेवली ती तीच, पत्र्याचे दोन अर्धे जोडलेली.