गाथेची चार अंगे : थेरीगाथेच्या आधारे काव्यविचार

आपल्या विहारांत गाथा म्हटली जाते आणि पुष्कळदा तिचा अर्थही सांगितला जातो. परंतु ती गाथा का आहे, म्हणजे तोच आशय गद्यात न मांडता छंदात का मांडला गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दुसऱ्या बाजूस, मराठीत काव्याच्या मूलतत्त्वांची चर्चा निघाली की ती भरताच्या रसापासून सुरू होते, भामहाचा अलंकार, वामनाची रीती आणि आनंदवर्धनाचा ध्वनी असे टप्पे घेते आणि पाश्चात्त्य प्रतिमाविचारापाशी थांबते. पालि वाङ्मयाचा उल्लेख झालाच तर तो धर्मग्रंथ म्हणून होतो, काव्यविचाराचे साधन म्हणून होत नाही.

या दुहेरी उपेक्षेचे नुकसान आपणच सोसले आहे. दलित कवितेत आशय आहे पण कला नाही, असा आक्षेप १९६० नंतर वारंवार घेतला गेला. त्यावर आपल्यातील अनेकांनी ‘आम्हाला कलेची गरज नाही’ असे बाणेदार उत्तर दिले. हे उत्तर आक्षेप घेणाऱ्याचेच गृहीतक मान्य करणारे होते. आशय एका पारड्यात आणि कला दुसऱ्या पारड्यात, ही वाटणी त्याने केली आणि आपण ती स्वीकारली. पुढे शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथांनी स्वतंत्र निकषांची मागणी पुढे नेली. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. काव्याची मूलतत्त्वे कोणती, या प्रश्नाला पालि वाङ्मयातच एक नेमके उत्तर आहे. ते थेरीगाथेला लावून पाहावे, एवढेच येथे योजिले आहे.

हे उत्तर संयुत्तनिकायाच्या सगाथवग्गातील देवतासंयुत्तात येते. प्रश्न देवतेच्या मुखी घातले आहेत; ती त्या संयुत्ताची कथनपद्धती होय. गाथेचे मूळ कोणते, ती प्रकट कशाने होते, ती कशाच्या आधारे उभी राहते आणि तिचे आश्रयस्थान कोणते, असे हे चार प्रश्न आहेत. उत्तरे अनुक्रमे छंद, अक्षर, नाम आणि कवी अशी आहेत. त्यांत रसाचा वा अलंकाराचा उल्लेख नाही. काव्य श्रोत्यावर कोणता परिणाम करते, यापेक्षा ते कशाचे बनलेले असते, याचा येथे विचार झाला आहे.

थेरीगाथा हा खुद्दकनिकायातील नववा ग्रंथ. त्यात ७३ रचना आहेत आणि गाथांची एकूण संख्या पाचशेहून थोडी अधिक आहे. एका गाथेच्या रचना आधी, मग दोन गाथांच्या, अशा चढत्या क्रमाने त्यांची मांडणी केलेली आहे. स्त्रियांच्या मुखातील काव्याचा इतका जुना संग्रह जगाच्या वाङ्मयात विरळा आहे.

छंद

छंदाला गाथेचे मूळ म्हटले आहे, भूषण म्हटलेले नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. परंपरेनुसार त्रिपिटक इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लेखनबद्ध झाले. तोपर्यंत कित्येक पिढ्या गाथा जिवंत राहिली ती मुखपाठाने, आणि मुखपाठाला आधार छंदाचा होता. परंतु छंदाचे काम स्मरणापुरतेच नसते. अंबपालीची रचना पाहावी.

वैशालीची ही एके काळची गणिका वार्धक्यात स्वतःच्या देहाकडे पाहते आहे. तिच्या १९ गाथा रथोद्धता वृत्तात आहेत. मराठी वाचकाला परिचित असलेले हे अकरा अक्षरांचे वृत्त डौलदार चालीचे आहे. पहिल्या चार गाथा केवळ केसांविषयी आहेत. नंतर भुवया, डोळे, नाक, कान, दात, कंठस्वर, मान, बाहू असे करीत वर्णन पावलांपर्यंत उतरते आणि अखेरच्या गाथेत सबंध देह लेप गळून पडलेल्या जुन्या घरासारखा दिसतो. प्रत्येक गाथेचा शेवटचा चरण एकच आहे : सत्य सांगणाऱ्याचे वचन खोटे ठरत नाही, या अर्थाचा.

हे ध्रुवपद एकोणीस वेळा का यावे? एकदा सांगून कळण्याजोगी गोष्ट आहे. परंतु अनित्यता एकदा सांगून पटत नाही. ती अवयवागणिक, दिवसागणिक पटावी लागते. वृत्ताची चाल रूपसंपन्न तारुण्याची आहे आणि प्रत्येक वेळी ती त्याच एका चरणावर येऊन थांबते. चालणे आणि थांबणे यांच्या या संयोगातून जे उमगते, ते गद्य अनुवादात निम्मेही उरत नाही. छंदाला मूळ म्हणण्याचे कारण हेच होय.

मात्र येथे एक सावधगिरीही बाळगलेली दिसते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात धम्म लांबलचक गीतस्वरात गाण्याचे पाच दोष सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्या स्वरात गुंततो, ऐकणाराही गुंततो, हे त्यांतील दोन. त्याच ठिकाणी ‘सरभञ्ञ’ म्हणजे स्वरयुक्त पठणाला मात्र अनुज्ञा दिली आहे. लय हवी, पण लयीने अर्थ गिळून टाकू नये, असा हा विवेक आहे. आपल्या कविसंमेलनांतून टाळ्या घेणाऱ्या किती कविता या कसोटीस उतरतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अक्षर

गाथा प्रकट होते ती अक्षरांनी, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनींनी. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा या तीन वाकड्यांपासून सुटले, असे सांगणारी मुत्ता थेरी सर्वांच्या परिचयाची आहे. तिची रचना एकाच गाथेची, सहा चरणांची. एवढ्याशा जागेत ‘मुत्त’ हा ध्वनी चार वेळा येतो, ‘खुज्ज’ म्हणजे वाकडे, कुबडे हा दोनदा. पहिल्या शब्दापासून सुटकेचा ध्वनी घुमू लागतो. मध्ये उखळ-मुसळाची जड, ठोकल्यासारखी अक्षरे येतात आणि मग पुन्हा सुटकेचा ध्वनी उमटतो. पण आता ती सुटका घरातून नाही, जन्ममरणातून आहे. एकाच शब्दाने स्वयंपाकघरापासून निर्वाणापर्यंतचे अंतर कापले आहे. येथे कारागिरी नाही, असे कोण म्हणेल?

तरीही हे नटवणे नव्हे. संयुत्तनिकायातील आणिसुत्तात दसारह क्षत्रियांच्या एका नगाऱ्याचा दृष्टान्त आहे. नगारा फुटे तेव्हा त्यात नवी खुंटी ठोकली जाई. असे होता होता मूळ लाकूड नाहीसे झाले आणि खुंट्यांचा सांगाडा तेवढा उरला. पुढील काळी लोक तथागतांची गंभीर सुत्ते ऐकणार नाहीत, कवींनी रचलेली, चित्रविचित्र अक्षरांची सुत्ते मात्र आवडीने ऐकतील, असा इशारा त्या निमित्ताने दिला आहे. याचा अर्थ बुद्धवचन काव्यविरोधी आहे असा नव्हे. तसे असते तर सगाथवग्गच उरला नसता. जेथे अक्षरे खुंट्या होतात तेथे नगारा वाजत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अश्वघोषाची भूमिका या ठिकाणी ताडून पाहण्यासारखी आहे. ‘सौंदरनन्द’ महाकाव्याच्या शेवटी तो आपल्या काव्यरूपाचे समर्थन करताना कडू औषध मधात कालवून देण्याचा दाखला देतो. हा दाखला सुंदर आहे, पण त्यात औषध निराळे आणि मध निराळा. मुत्तेच्या गाथेत मध वेगळा काढता येत नाही. महाकवीच्या विदग्ध काव्याहून ही लहानशी गाथा या एका बाबतीत पुढे आहे, असे माझे मत आहे.

नाम

गाथा नामाच्या आधारे उभी राहते. म्हणजे वस्तूंच्या, व्यक्तींच्या, व्यवहाराच्या नावांवर. थेरीगाथेतील नामे कोठून आली आहेत हे पाहण्याजोगे आहे. उखळ, मडके, सुई, दिवा, वात, नांगर, बी-बियाणे, पाणी : हा सारा संसार राबणाऱ्यांचा आहे.

पटाचारेच्या पाच गाथा घ्याव्यात. शेतकरी नांगरतात, पेरतात आणि बायकामुले पोसतात. मग शीलसंपन्न असून मलाच फळ का मिळू नये, असा तिचा प्रश्न आहे. पाय धुताना ती पाण्याचा ओघळ उताराकडे जाताना पाहते. मन स्थिर होते. मग दिवा घेऊन ती कोठडीत जाते, बिछाना पाहते, मंचकावर बसते, सुईने वात खाली ओढते. दिवा विझतो आणि त्याचसारखी चित्ताची मुक्ती घडते. विझण्यासाठी तेथे जो शब्द आहे तो ‘निब्बान’ हाच. घरातल्या दिव्याचे नाव आणि परमार्थाचे नाव एकच आहे. अलंकारशास्त्र याला उपमा म्हणेल. परंतु दिवा येथे तुलनेसाठी बाहेरून आणलेला नाही. तो तिच्या हातातच होता. पुत्र, पती, मातापिता गमावल्याची जी भीषण कथा आपण ऐकत आलो, ती तर या पाच गाथांत नाहीच; ती अट्ठकथेतून आलेली आहे. दुःखाचे नावही न घेता दुःखमुक्तीचे काव्य उभे राहते, हा संयम शिकण्यासारखा आहे.

अंबपालीने दुसरी वाट घेतली. भुंग्यांसारखे काळे केस, रत्नांसारखे डोळे, हत्तीच्या सोंडेसारख्या मांड्या, ही शृंगाराची सराईत नामे तिने एकेक उचलली आणि त्यांच्यासमोर तागाच्या सालीसारखे केस, बांबूच्या काठ्यांसारख्या मांड्या ठेवल्या. ज्या शब्दांनी तिची किंमत ठरवली गेली, त्याच शब्दांची किंमत तिने ठरवली. यात देहाचा तिरस्कार पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पाहणारी ती स्वतः आहे आणि तिच्या स्वरात त्रागा नाही.

कवी

कवी हे गाथेचे आश्रयस्थान. येथे ‘आसय’ हा शब्द योजिला आहे. ज्यात काही साठून राहते असे ठिकाण. म्हणून कवी म्हणजे केवळ चरित्र नव्हे. थेरीगाथेतील काही गाथांत थेरीलाच संबोधिले आहे आणि परंपरा त्या तथागतांनी उच्चारल्या असे मानते. काही संवादरूप आहेत. प्रत्येक गाथा आत्मचरित्र म्हणून वाचणे त्यामुळे योग्य ठरत नाही. धम्मपालाच्या अट्ठकथेतील कथा उपयुक्त आहेत, पण त्या गाथेच्या जागी बसवू नयेत. स्वानुभव हवाच, परंतु तो साठून, निवळून गाथेत उतरला पाहिजे.

अंगुत्तरनिकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिन्ताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. चिंतनातून रचणारा, ऐकलेले रचणारा, अर्थबोधासाठी रचणारा आणि तत्क्षणी स्फुरणारे बोलणारा, असा त्यांचा स्थूल अर्थ. आपल्याकडे जयंतीच्या व वर्षावासाच्या विशेषांकांतून सूर्य, वादळ, मशाल, क्रांती हे शब्द दरवर्षी येतात. एके काळी कोणीतरी ते पोळलेल्या हातांनी उचलले होते. आज पुष्कळदा ते ऐकीव असतात. नाम असते, आसय नसतो. ही सुतकवींची कविता आहे आणि श्रद्धेच्या पोटी तिची समीक्षा टाळणे ही श्रद्धेची सेवा नव्हे.

हाच निकष थेरीगाथेलाही लावला पाहिजे. त्रिविद्या प्राप्त झाल्याचे सांगणारे साचेबद्ध चरण तिच्यात अनेक ठिकाणी येतात. सामूहिक पठणात त्यांना स्थान आहे. काव्य म्हणून ते दुर्बल आहेत. अंबपालीचे ध्रुवपद प्रत्येक वेळी नवा पुरावा घेऊन येते. हे चरण मात्र कोठूनही काढून कोठेही बसवता येतात. पुनरुक्ती आणि आवृत्ती यांतील भेद येथे स्वच्छ दिसतो.

चारही अंगे एकत्र

चारही अंगे एकवटलेली पाहावयाची असतील तर दासी पुण्णिकेच्या १६ गाथा वाचाव्यात. ती पाणी भरणारी. मालकिणीच्या माराच्या आणि शिव्यांच्या धाकाने कडक थंडीतही पाण्यात उतरणारी. त्याच पाण्यात एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करतो आहे. तू कशाच्या भयाने उतरलास, असे ती विचारते. स्नानाने पाप जाते, असे तो सांगतो. मग बेडूक, कासवे, मगरी सारी स्वर्गाला जातील, असे ती म्हणते. आणि नदीने पाप वाहून नेले तर पुण्यही नेईल, असेही सुनावते. एकच पाणी, एकच थंडी, एकच भय. पण एकाला सक्तीने आणलेले, दुसऱ्याला अज्ञानाने. हा विरोध कवयित्रीने कोठेही उकलून सांगितलेला नाही. दोघांना एका पाण्यात उभे केले, एवढेच. शेवटी, ज्या पापाच्या भयाने तू येथे येतोस ते पापच करू नकोस, उगाच थंडीने अंग बधिर होईल, अशा आशयाचे ती बोलते. तर्काच्या टोकावर ही कणव आहे. दिलेले वस्त्र ती नाकारते आणि अखेरचे शब्द त्या बदललेल्या ब्राह्मणाला देते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याचे वारसदार ही रचना कोणत्या मनाने वाचतील, हे वेगळे सांगावयास नको. पण ती आपल्याला भिडते ती केवळ तिचा पक्ष आपला आहे म्हणून नव्हे. ती उत्तम काव्य आहे म्हणूनही.

आशय आणि कला ही वाटणी पुण्णिकेला ठाऊक नव्हती. ती आपणही परत करावी. कोणतीही कविता हाती आली की चार प्रश्न विचारावेत : हिची लय हिच्या आशयातून निघाली आहे काय? हिची अक्षरे नगारा आहेत की खुंट्या? हिची नामे हातातली आहेत की ऐकीव? आणि जेथून ही आली तेथे काही साठले होते काय? हे प्रश्न विरोधकाच्या कवितेला विचारण्याआधी आपल्या कवितेला विचारले, तर आपली समीक्षा कोणाच्या आक्षेपाला उत्तर देत बसणार नाही. तिला स्वतःचे काम मिळेल.